शिळं पाणी

टीव्हीवर एक टायवाला माणूस संध्याकाळी बाजाराचं सांगायला येतो. परवा तो म्हणाला, हाव माणसाच्या रक्तातच आहे, पहिल्यापासून आहे, आणि ती आहे म्हणून तर सगळा व्यवहार चालतो; उद्या लोकांची हाव संपली तर कारखाने बंद पडतील. माझी सून स्नेहा बँकेत आहे, तिनंही मान हलवली. मी म्हटलं, ह्यानं काय रक्त काढून बघितलं? प्रभा असती तर म्हणाली असती, गप बसा, त्याला ऐकू जात नाही. प्रभा म्हणजे माझी बायको. ती गेल्यापासून ह्या घरात मला गप बसा म्हणणारं कोणी राहिलं नाही. मुलगा-सून चांगली आहेत, माझं सगळं आदरानं ऐकून घेतात, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. तेव्हा म्हटलं, लिहून काढावं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही रडतखडत. जगाच्या व्यवहारातलं मला कळत नाही. पण हाव कुठून येते ते मी आमच्या मोरीत बघितलंय, तेवढं सांगतो.

आमची चाळ डिलाईल रोडला होती. मधे चौक, चारी बाजूंनी लाकडी गॅलऱ्या, तळमजला धरून चार मजले. आम्ही पहिल्या मजल्यावर. बाबा साचेखात्यात, म्हणजे मागावर, कामाला, मी नुकताच त्याच गिरणीत बदली म्हणून लागलो होतो, म्हणजे कोणी आला नाही तर माझा नंबर, नाहीतर गेटवरून परत. आई घरात. एक खोली, कोपऱ्यात मोरी, आणि मोरीच्या तोंडाशी पिंप. ते पिंप म्हणजे आमच्या घरातला चौथा माणूस. बाबांनी ते रे रोडहून हातगाडीवर घालून आणलं होतं. तिथं गोदीतली तेलाची रिकामी पिंपं विकायला असायची. आईनं राख आणि चिंच लावून ते कितीदा घासलं असेल, तरी पहिले काही दिवस आमच्या चहाला तेलाचा वास येत होता. पण दारातनं जाणारा प्रत्येक जण आत डोकावून म्हणायचा, दत्तूच्या बापानं पिंप आणलं रे. त्या आठवड्यात शेजारच्या सावंतांनी पिंप आणलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात तळमजल्यावरच्या गोदाकाकीनं दोन आणली. गोदाकाकीच्या घरात माणसं किती, तर ती आणि तिचा नवरा. बसायला जागा नव्हती, नवरा पिंपाला टेकून जेवायचा. तरी दोन.

पाणी पहाटे यायचं, प्रत्येक मजल्याच्या टोकाला एक नळ. आणि नळ यायच्या आधी अख्ख्या चाळीत एक आवाज उठायचा, तो आठवला की अजून माझे कान जागे होतात. सगळ्या मोऱ्यांतून धबाधबा कालचं पाणी ओतून देण्याचा आवाज. बादली, कळशी, मग पिंप तिरपं करून शेवटचा लोट. ते सगळं घरगल्लीत जायचं, म्हणजे मागच्या चाळीच्या आणि आमच्या चाळीच्या पाठींमधला जो अरुंद बोळ, त्यात. कालचं पाणी शिळं. शिळ्या पाण्याचा चहा करायचा नाही, देवाला घालायचं नाही, त्यात डाळ शिजत नाही असं बायका म्हणायच्या. मग रिकामं पिंप ताज्या पाण्यानं परत काठोकाठ भरायचं, त्यातलं निम्मं संध्याकाळपर्यंत वापरलं जायचं, आणि उरलेलं निम्मं दुसऱ्या पहाटे पुन्हा घरगल्लीत. हे आमच्या चाळीतच असं नव्हे, त्या काळी शेजारच्या चाळींतही असंच. कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मला तर तो आवाज आवडायचा. घरात भरपूर आहे असं त्या आवाजावरून वाटायचं.

तिसऱ्या मजल्यावर मात्र नळ नुसता फुसफुसायचा. खालच्या तिन्ही मजल्यांवर पिंपं भरत असली की वर पाणी चढणार कसं? आमच्या समोरच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर मावशीची खाणावळ होती. मावशी सगळ्या चाळीची मावशी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गावाकडची गिरणीतली माणसं तिच्याकडे पाळीपाळीनं जेवायची. भात, कुळथाची पिठी, आठवड्यातून दोनदा बांगडे, आणि भाजणीचं वाटण तिरफळ घालून असं करायची की तिची कढई चढली की खालपर्यंत आमचं जेवण बेचव व्हायचं. त्या उन्हाळ्यात तिनं मदतीला गावाहून भाची आणली. तीच प्रभा. पायात चप्पल नाही, वेणी घट्ट, आणि बोलायला लागली की समोर कोण आहे ते बघायची नाही. आई मला कधी नारळ द्यायला, कधी सूप मागायला वर पाठवायची. मग आईनं नाही पाठवलं तरी मी जायला लागलो.

त्या उन्हाळ्यात पाणी कमी झालं. आधी वेळ कमी केली, मग जोर गेला. खाली काय झालं, तर लोकांनी आणखी पिंपं आणली. हे मला आजही गमतीचं वाटतं. पाणी कमी येतं म्हणून भांडी जास्त. भांडी जास्त म्हणून ती भरायला वेळ जास्त. आणि एवढं भरलेलं वापरून संपत नाही म्हणून सकाळी ओतायचं तेही जास्त. वर मावशीच्या नळाची फुसफुससुद्धा बंद पडली. प्रभा डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन रस्त्याच्या टोकाच्या तबेल्यावरून पाणी आणायची, तिथला भैया मर्जी असेल तर द्यायचा. तांदूळ एका पाण्यात धुतलेले, ताटं राखेनं पुसलेली. गिरणीतली माणसं पाळी चुकेल म्हणून उपाशी उठायला लागली, आणि एकेक करून लालबागच्या दुसऱ्या खाणावळीकडे वळली. मावशी माझ्या आईला म्हणाली, महिनाअखेरीला चूल बंद करते, पोरीला गावाला परत पाठवते, तिकडं एक बिजवर बघून ठेवलाय. आईनं हे आमच्यासमोर सांगितलं. बाबा जेवत होते, ते म्हणाले, वरच्या मजल्यावर खाणावळ काढायचीच कशाला? मी ताटावरून उठलो. मला भूक नव्हती असं नाही.

दुसऱ्या पहाटे नळ यायच्या आधी प्रभा आमच्या दारात उभी. हातात रिकामी कळशी. आई मोरीत पिंप तिरपं करायच्या बेतात होती. प्रभा म्हणाली, काकी, ते ओतणारच आहात तर माझ्या कळशीत ओता. आईला त्यात नाही म्हणण्यासारखं काही दिसलं नाही, तिनं तांब्या घेतला. तेवढ्यात बाबा आतून बोलले, ओत ते मोरीत. आई थांबली. बाबा म्हणाले, आज हिला दिलं की उद्या वरचा अख्खा मजला दारात उभा राहील. ओत. आणि आईनं ओतलं. पोरगी दारात उभी असताना तिच्या डोळ्यांदेखत ते नितळ पाणी मोरीतून गेलं. प्रभा रडली नाही, भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, तेही खरंच कळत नाही म्हणून विचारतात तसं, "काकी, भात शिळो होता. पाणी कसा शिळा होतला?" आणि गेली.

हे लिहिताना मी उठून खिडकीशी जाऊन आलो. आमची चाळ पाडून हा टॉवर झाला. समोर दुसरा टॉवर आहे, आमच्यापेक्षा उंच. संध्याकाळी त्यातल्या कितीतरी खिडक्या काळ्याच राहतात. सुरुवातीला मला वाटायचं माणसं कामावरून उशिरा येत असतील. स्नेहा म्हणाली, पप्पा, ती घरं विकली गेलीत, पण राहायला कोणी येणार नाही. भाव वाढेपर्यंत लोक कुलूप लावून ठेवतात, त्याला गुंतवणूक म्हणतात. मी प्रभाकडे बघितलं. तेव्हा ती होती. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "म्हणजे पिंपं." स्नेहाला काही कळलं नाही. मग प्रभानं तिला ही सगळी गोष्ट सांगितली. मी सांगतोय त्याच्यापेक्षा बरी सांगितली होती. ऐकून स्नेहा म्हणाली, आमच्या अभ्यासात हे होतं आई, पण असं नव्हतं.

तर आई. त्या दिवशी आईचा चहा तसाच कपात गार झाला. माझी आई बाबांना उलट बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. दुपारी बाबा पाळीला गेल्यावर ती तिसऱ्या मजल्यावर गेली, आणि मला म्हणाली तूही चल, ओझं असेल तर उचलायला. वर प्रभा मागच्या खिडकीत उभी होती. ती म्हणाली, काकी, पहाटे इथं उभ्या राहा एकदा. खाली घरगल्लीत व्हाळ वाहतो, आमच्या गावाला पावसात वाहतो तसा. मी नळाला हात लावून उभी असते आणि पाणी तिकडून जात असतं. मग तिनं सांगितलं ते इतकं साधं होतं की आईला आधी पटेना. ओतू नका. कालचं निम्मं उरलंय ना, त्यावरच आजचं निम्मं भरा. तुमचा नळ लवकर बंद होईल, पाणी वर चढेल. आई म्हणाली, मी एकटीनं नाही ओतलं तर सावंतीण जास्त भरेल, वर कुठं येतंय? प्रभा म्हणाली, म्हणून तर सगळ्यांनी एकाच दिवशी.

मग दोन-तीन दुपारी आमच्या चाळीत जे चाललं ते पुरुषांना कळलंच नाही; मी तेवढा गेटवरून परत आलेला, म्हणून ऐकलं. तांदूळ निवडायच्या निमित्तानं बायका गॅलरीत बसायच्या आणि आई विषय काढायची. पाणी शिळं होत नाही हे बायकांनी लवकर मान्य केलं. गोदाकाकी तर म्हणाली, माझ्या दुसऱ्या पिंपातलं पिऊन बघ, तीन दिवसांचं आहे, आम्हाला कुठं काय झालं? अडलं ते पुढंच. मी नाही ओतणार गं, पण बाजूची? तिनं ओतून पूर्ण भरलं आणि मी बसले अर्ध्या पिंपावर, तर माझ्या पोरांनी काय तिचं तोंड बघायचं? प्रत्येकीचं हेच. कोणालाच जास्त नको होतं. सगळ्यांना फक्त आपण फसायचं नव्हतं. सावंतीण म्हणाली, गोदाकाकीला कोण बांधून ठेवणार, ती तर नवऱ्याच्या आंघोळीचं पाणीसुद्धा मोजते. गोदाकाकी म्हणाली, मोजते, म्हणून तो अजून टिकलाय. सगळ्या हसल्या. त्या हसण्यात प्रभा म्हणाली, लक्ष ठेवायला कोणी नको. ओतलं की आवाज होतो. चाळीला कान आहेत. मंगळवार ठरला.

मी गॅलरीत झोपायचो. त्या मंगळवारी पहाटे डोळे उघडले तर आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका आपापल्या दारात उभ्या. कोणी बोलत नाही. चौकापलीकडे, वर, प्रभा नळाच्या तोटीवर हात ठेवून उभी. तळमजल्यावर गोदाकाकी पदर तोंडाला लावून. सगळ्या ऐकत होत्या. एवढी गप्प चाळ मी आधी कधी अनुभवली नव्हती. कुठंतरी पोर खोकलं तेही चार मजल्यांवर ऐकू गेलं. आणि त्या शांततेनंच घोटाळा केला. बाबांची त्या आठवड्यात दुपारची पाळी होती, ते घरात झोपलेले. रोजचा आवाज नाही म्हणून त्यांना जाग आली. उठून बघतात तर पिंप निम्मं भरलेलं, बायको दारात. त्यांना वाटलं हिची तब्येत बिघडली. ते स्वतः मोरीत गेले, बादली बुडवली आणि ओतली.

धब्ब. एकच बादली. पण ती अख्ख्या चाळीनं ऐकली. खालून गोदाकाकीचा आवाज आला, "कोण गं ती?" सावंतीण आत वळली, तिचा हात पिंपाकडे गेलेला मला दिसला. पलीकडच्या दोघी आत शिरल्या. अजून एक आवाज झाला असता की सगळं संपलं होतं; मंगळवार संपला, मावशीची चूल संपली, आणि प्रभा महिनाअखेरीच्या बोटीनं गावाला. बाबांनी दुसरी बादली बुडवायला हात खाली घातला. आई आत गेली. तिनं बादली त्यांच्या हातून काढून घेतली, पिंपावर झाकण ठेवलं आणि त्या झाकणावर चढून बसली. पाय लोंबकळत, नऊवारीचा काष्टा आवळून.

बाबा म्हणाले, "उठ."

आई म्हणाली, "नाय उठत. आज मला ओता आधी."

आईला हात लावून उतरवणं बाबांच्यानं होणार नव्हतं, आणि दारात मी होतो, आवाज ऐकून आलेली सावंतीण होती. सावंतीण वळली आणि चौकाकडे तोंड करून म्हणाली, "दत्तूची आई पिंपावर बसलीय. नाही ओतत कोणी." खालून हसण्याचा आवाज आला, पलीकडच्या दोघी परत दारात. तेवढ्यात नळ आले. आमच्या मजल्यावर रांग लागायच्या आतच संपली, निम्मंच भरायचं होतं ना. तोट्या एकेक बंद होत गेल्या. आणि मग वरून ती फुसफुस. हवा सुटते तशी, खोकल्यासारखी, मोठी मोठी होत. मग प्रभाचा आवाज, चौकभर, "इला! मावशी, इला गो!"

बाबा जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. मला वाटलं आता मार बसणार, मला नाहीतर आईला. मी त्यांच्यापासून अंतर ठेवून बसलो. मग स्वतःशी बोलावं तसं म्हणाले, आमच्या वाडीत एकच विहीर होती, ती एका घरची. उन्हाळ्यात तो मालक रहाटाचा दोर घरात नेऊन ठेवायचा. माझी आये त्याच्या अंगणात घागर घेऊन उभी राहायची, तो जेवून उठेपर्यंत. कधी दोर द्यायचा, कधी उद्या ये म्हणायचा. मी तिच्या लुगड्याला धरून उभा असायचो. "तहान लागते म्हणून नाय रे भरून ठेवत मी," बाबा म्हणाले. "कुणाच्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून."

आज त्या टायवाल्याला सांगावंसं वाटतं, बाबा रे, रक्तात शोधू नकोस. एखाद्या अंगणात शोध. कोणाच्या तरी आईला कोणीतरी ताटकळत उभं केलेलं असतं, आणि तिचा पोरगा पुढं आयुष्यभर पिंपं भरत बसतो. त्याच्याकडे बघून शेजारी भरतो. शेजाऱ्याला तर विहीरही आठवत नसते, त्याला फक्त पिंप दिसतं. आणि जे असं आलं ते जाऊही शकतं. मी जाताना बघितलंय. एका झटक्यात नाही गेलं, खोटं कशाला सांगू? मंगळवारनंतरही अधूनमधून कुठल्यातरी मोरीत धब्ब व्हायचं, मग चारी गॅलऱ्यांतून टोमणे सुरू, कोणाच्या घरी राजाची आंघोळ चाललीय म्हणून. दुसऱ्या दिवशी ती मोरी गप्प. पिंपं हळूहळू रिकामी राहायला लागली. गोदाकाकीनं एकात कोळसे भरले, आणि दुसरं विकून नवऱ्यासाठी खुर्ची घेतली.

आमचं लग्न पुढच्या वर्षी झालं. मावशीची खाणावळ त्यानंतरही खूप वर्षं चालली, गिरण्या होत्या तोवर. प्रभानं तिचं वाटण जसंच्या तसं उचललं. आता स्वयंपाकघरात तिरफळाचा डबा सापडतो, पण किती घालायचं ते मला माहीत नाही, आणि सुनेला विचारलं तर ती पुण्याची. एक दिवस तिनं आणि मी मिळून अंदाजानं आमटी केली. फसली. दोघांनी खाल्ली.

पण मला सांगायचंय ते त्याच मंगळवारच्या दुपारचं. बाबांची पाळीला निघायची वेळ झाली होती. डबा घेतला, टोपी घातली, आणि गेटकडे जायचं सोडून ते जिना चढायला लागले. मी मागोमाग गेलो, म्हटलं आता वर जाऊन काय बोलतात कोण जाणे. तिसऱ्या मजल्यावर ते आयुष्यात पहिल्यांदा आले असतील. मावशीकडे पंगत बसलेली, लालबागला गेलेले दोघे परत आलेले, बांगड्याचं तिखलं वाढलं जात होतं. बाबांना दारात बघून मावशीचा हात थांबला. प्रभाही उभी राहिली, तिला पहाटेचं आठवत असणार. जेवणाऱ्यांनी घास तसेच धरले.

बाबा उंबऱ्याबाहेरच थांबले. टोपी काढली, परत घातली. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता, एवढा मोठा माणूस आणि पोरासारखा.

म्हणाले, "मावशी, वाईच पाणी देता?"

मावशीनं प्रभाकडे बघितलं. प्रभा आत गेली, माठातलं पाणी भांड्यात घेऊन आली आणि त्यांच्या पुढं केलं. तिनं ताजं का शिळं काही सांगितलं नाही, बाबांनीही विचारलं नाही. दारात उभ्या उभ्याच ते सगळं प्यायले. मग आणखी पाण्यासाठी भांडं परत तिच्यापुढं धरलं.